‘झटपट निर्णय’ शिकवणाऱ्या कार्यशाळेविषयी

भोसरीच्या आमच्या कारखान्यातील शिफ्ट सुपरवायझर आणि लाइन लीडर यांना घेऊन मी यंदाच्या उन्हाळ्यात मुळशीजवळ भरलेल्या एका निवासी नेतृत्व-कार्यशाळेला गेलो होतो. कार्यशाळा शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची होती आणि निवास-भोजनासह माणशी साडेआठ हजार रुपये शुल्क होते. चांगला नेता तोच, जो पटकन निर्णय घेतो, असे माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापले होते आणि दोन्ही दिवसांची आखणी याच विधानाभोवती केलेली होती. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण अशा कार्यशाळा पुण्या-मुंबईत अनेक संस्था थोड्याफार फरकाने याच साच्यात घेतात आणि माझे म्हणणे त्या साच्याविषयी आहे. पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. मात्र पहिल्या दिवशी जे शिकवले गेले ते तसेच्या तसे कारखान्यात आणले तर नुकसान होईल, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जे शिकायला मिळाले ते प्रत्येक सुपरवायझरने ऐकायला हवे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पहिल्या सत्रात सहा-सहा जणांची टेबले करण्यात आली. प्रत्येक टेबलावर एक बंद पाकीट, एक लाल आणि एक हिरवे कार्ड ठेवले होते आणि समोरच्या पडद्यावर नव्वद सेकंदांचे उलटे घड्याळ चालू होते. पाकिटातला प्रसंग असा होता : धरण ९६ टक्के भरले आहे, पाणलोट क्षेत्रात रात्री जोरदार पावसाचा अंदाज आहे, खालच्या गावात दुसऱ्या दिवशी जत्रा असून नदीपात्रात दुकाने लागली आहेत, विसर्ग आत्ताच सुरू करायचा की सकाळपर्यंत थांबायचे? जे टेबल सर्वांत आधी कार्ड उचलेल त्याला दहा गुण आणि पुढच्या टेबलांना उतरत्या क्रमाने कमी गुण, असा नियम होता. कार्ड लाल उचलले की हिरवे, याला मात्र एकही गुण नव्हता.

आमच्या टेबलावर सातारा जिल्ह्यातील एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी घड्याळ चालू असतानाच हात वर करून विचारले, “सर, दरवाजे उघडल्यावर पाणी गावापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, तेवढं सांगता का?” त्यावर प्रशिक्षकांनी उत्तर दिले, “मॅडम, नेत्याला सगळी माहिती कधीच मिळत नसते. वेळ चालू आहे.” आमचे टेबल शेवटी आले आणि फळ्यावर आमच्या नावापुढे ‘विलंब’ असा शेरा लिहिला गेला. वास्तविक त्या प्रसंगात विचारण्याजोगा पहिला प्रश्न तोच होता. पाणी दोन तासांत पोहोचणार असेल तर रात्री अंधारात पात्र रिकामे करून घ्यावे लागेल, आणि आठ तास लागणार असतील तर आधी पोलीस पाटलाला फोन लावून, दुकाने हलवायला सांगून, मग टप्प्याटप्प्याने विसर्ग वाढवता येईल. हे विचारायला बाईंना काही सेकंद लागले आणि उत्तर द्यायलाही तेवढेच लागले असते. ज्या प्रश्नाचे उत्तर हाताशी आहे तो विचारणे म्हणजे चालढकल नव्हे, आणि गुणांची अशी पद्धत लावली की प्रश्न विचारणारी माणसे पुढच्या फेरीपासून गप्प बसतात. आमच्याच टेबलावर नंतर तसे घडले. तिसऱ्या पाकिटापर्यंत पाकीट उघडण्याच्या आधीच कार्डावर हात ठेवून बसण्याची सवय सर्वांना लागली होती.

या सरावाची खरी उणीव चहाच्या सुट्टीत उघड झाली. सहभागी मंडळींत जलसंपदा विभागातील एक शाखा अभियंता होते. ते म्हणाले की, धरणावर अशी वेळ येते तेव्हा कोणीही शून्यापासून विचार करत बसत नाही; जलाशय परिचलन सूची आधीच मंजूर झालेली असते. पावसाळ्याच्या कोणत्या तारखेपर्यंत पाणी किती पातळीपर्यंत ठेवायचे, पातळी त्याच्या वर गेली तर काय करायचे, आणि विसर्गाची सूचना कोणाकोणाला आधी पोहोचली पाहिजे, हे अनेक वर्षांच्या पावसाच्या आणि येव्याच्या (धरणात येणाऱ्या पाण्याच्या) नोंदी तपासून, कोरड्या दिवसांत बसून, सावकाश ठरवलेले असते. त्यामुळे प्रत्यक्ष रात्री निर्णय झपाट्याने होतो, कारण त्याचा मोठा भाग आधीच झालेला असतो. माझ्या मते कार्यशाळेने पहिल्या दिवशी हेच शिकवायला हवे होते. त्याऐवजी तयारीशिवाय नव्वद सेकंदांत उडी मारण्याचे धाडस शिकवले गेले.

दुपारच्या सत्रात १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवलेल्या विमानाची चित्रफीत दाखवण्यात आली. लाग्वार्डिया विमानतळावरून उड्डाण केल्यावर पक्ष्यांचा थवा धडकला, दोन्ही इंजिनांची शक्ती गेली, आणि वैमानिक चेस्ली सुलेनबर्गर यांनी सुमारे साडेतीन मिनिटांत विमान नदीच्या पाण्यावर उतरवून सर्व १५५ जणांचे प्राण वाचवले. झटपट निर्णयाचा आदर्श म्हणून हा प्रसंग दाखवला गेला, आणि तो आदर्श आहेच. पण या प्रसंगाच्या चौकशीत जे पुढे आले त्याचा उल्लेखही सत्रात झाला नाही, याची मला खंत वाटली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सिम्युलेटरवर हाच प्रसंग पुन्हा घडवून पाहिला. धडक बसताक्षणी विमान वळवले तर काही वैमानिकांना धावपट्टी गाठता आली. मात्र त्या वैमानिकांना काय होणार आहे हे आधीच माहीत होते. माणसाला परिस्थिती ओळखायला, इंजिन पुन्हा सुरू करून पाहायला जो वेळ लागतो तो धरून ३५ सेकंदांनंतर विमान वळवले, तेव्हा ते विमानतळापर्यंत पोहोचू शकले नाही. मंडळाने सुलेनबर्गर यांचा नदीत उतरण्याचा निर्णय योग्य ठरवला. अशा घाईच्या प्रसंगातसुद्धा काही सेकंद समजून घेण्यात जातात, ते जायलाच हवेत, आणि ते न धरता केलेला हिशेब चुकीचा असतो, ही गोष्ट चौकशी करणाऱ्यांनी मान्य केली. आमच्या प्रशिक्षकांच्या घड्याळात त्या सेकंदांना जागा नव्हती.

आणखी एक बाब म्हणजे, सुलेनबर्गर यांच्यामागे सुमारे वीस हजार तासांच्या उड्डाणाचा अनुभव होता. विमानातील सहायक वीजयंत्रणा त्यांनी आणीबाणीच्या कार्यसूचीतील क्रमाची वाट न पाहता अगदी सुरुवातीलाच चालू केली, आणि ही सूज्ञता काही नव्वद सेकंदांच्या सरावातून आलेली नव्हती. गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना असे आढळले की, अनुभवी अधिकारी आगीच्या जागी पर्यायांची तुलना करत बसत नाहीत. समोरची आग त्यांना ओळखीची वाटते आणि त्या ओळखीतून पहिलीच कृती सुचते. आमच्याकडचे जुने सेटरही (मशीन कामासाठी जुळवून देणारे कारागीर) मशीनच्या आवाजावरून टूल झिजल्याचे ओळखतात. पण हीच माणसे नवीन मशीनसमोर उभी केली तर ती थांबतात, मॅन्युअल पाहतात, विचारतात, आणि त्यांनी तसेच करावे. अनुभवातून येणारा वेग आणि वेगाच्या हौसेतून येणारा वेग बाहेरून सारखाच दिसतो, म्हणून प्रशिक्षणात त्यांची गल्लत होऊ न देणे फार महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्रातले उदाहरण म्हणून किल्लारीच्या भूकंपावर एक छोटे सादरीकरण झाले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, त्या वेळचे मुख्यमंत्री शरद पवार गणेश विसर्जनाच्या बंदोबस्तामुळे उशिरापर्यंत जागे होते, आणि काही तासांतच ते भूकंपग्रस्त भागात पोहोचले, हे सर्व सांगितले गेले. मदत, जखमींवर उपचार, मृतांचे अंत्यसंस्कार, पावसात उघड्यावर आलेल्या माणसांसाठी तात्पुरता निवारा, या कामांत घेतलेला वेग अत्यावश्यकच होता. तेथे एक दिवस उशीर म्हणजे माणसांचे जीव होते. पण सादरीकरण इथेच संपले, आणि मला वाटते की नेतृत्वाचा जास्त कठीण भाग त्यानंतर सुरू होतो.

लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे जुन्या जागेवरून हलवून नव्या जागी वसवण्यात आली. सुमारे दहा हजार माणसे गेलेली असताना, जाड दगडी भिंतींची भीती मनात घर करून बसलेली असताना, गावकऱ्यांनाही त्या जागी परत राहायचे नव्हते, म्हणून हा निर्णय त्या वेळी सहज वाटला. परंतु नव्या गावांत रुंद, सरळ रस्ते आखून एकसारखी घरे रांगेत बांधली गेली, कित्येकांची शेते दूर राहिली, भावकी विखुरली, गोठ्याला, कडब्याला आणि धान्याला लागणारी जागा शहरी धाटणीच्या आराखड्यात नव्हती, आणि पुढे लोकांनी स्वतःच्या हातांनी पत्रे ठोकून, भिंती वाढवून ती घरे आपल्या सोयीची करून घेतली. याउलट, ज्या गावांत घरांचे नुकसान कमी होते तेथे घरे जागेवरच दुरुस्त व मजबूत करण्याचे काम घरमालकांच्या हाती दिले गेले. गावोगावी महिला मंडळांतील स्त्रियांनी संवाद सहायक म्हणून काम केले, आणि लाखाहून अधिक घरे या पद्धतीने दुरुस्त झाली. हे काम सावकाश चालले, पण लोकांच्या गरजा त्यात आपोआप उतरल्या. तंबू चुकीच्या जागी ठोकला तर उद्या उपटता येतो. हलवलेले गाव परत आणता येत नाही. एकाच आपत्तीत एकाच सरकारला दोन्ही प्रकारचे निर्णय घ्यावे लागले, आणि कोणत्या निर्णयाला किती वेळ द्यायचा हे ठरवणे हेच तिथे नेत्याचे खरे काम होते. कार्यशाळेला हे उदाहरण घेण्याची बुद्धी झाली, पण ते पूर्ण सांगितले असते तर दोन दिवसांचे शुल्क तेवढ्यातच वसूल झाले असते.

छापील पुस्तिकेविषयीही थोडे सांगायला हवे. तिच्यात ‘७० टक्के माहिती मिळाली की निर्णय घ्या’ असा नियम जेफ बेझोस यांच्या नावाने चौकटीत दिला आहे. ॲमेझॉनच्या भागधारकांना लिहिलेल्या २०१६ सालच्या पत्रात बेझोस यांनी हे म्हटले आहे खरे, पण त्याच्या जोडीने त्यांनी असेही लिहिले आहे की चुकीचा निर्णय लवकर ओळखून दुरुस्त करण्याची क्षमता अंगी असावी लागते. त्याच्या आधीच्या वर्षीच्या पत्रात त्यांनी निर्णयांचे दोन प्रकार सांगितले आहेत : ज्यांतून परत फिरता येते ते झटपट घ्यावेत, आणि ज्यांतून परत फिरता येत नाही ते पद्धतशीरपणे, सावकाश, विचारविनिमय करून घ्यावेत. पुस्तिकेत या दोन्ही गोष्टींचा मागमूस नाही. अर्धे वाक्य उचलून चौकटीत टाकल्यामुळे मूळ सल्ल्याचा अर्थच उलटा झाला आहे, आणि पुस्तिका घरी नेऊन वाचणाऱ्या तरुण सुपरवायझरला हे कळण्याचा मार्ग नाही. पुढच्या आवृत्तीत ही दुरुस्ती व्हायला हवी.

रविवारी दुपारी निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांचे सत्र झाले आणि कार्यशाळेचा सूर बदलला. त्यांनी १९७१ सालच्या भारत-पाकिस्तान युद्धाचा विषय घेतला. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल माणेकशॉ यांनी स्वतः नंतर सांगितलेल्या आठवणीनुसार, एप्रिलच्या अखेरीस इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळाने पूर्व पाकिस्तानात तातडीने सैन्य घालण्याविषयी विचारणा केली तेव्हा त्यांनी तयारी नसल्याचे स्पष्ट सांगितले. पावसाळ्यात पूर्वेकडच्या नद्या समुद्रासारख्या पसरतात, सैन्य वेगवेगळ्या ठिकाणी गुंतलेले आहे, आणि हिमालयातील खिंडी उघड्या असताना चीनचा धोका राहतो, अशी कारणे त्यांनी मांडली. पुढचे महिने रिकामे गेले नाहीत. रसद सीमेपर्यंत पोहोचवली गेली, बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण दिले गेले, ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला. ३ डिसेंबरला पाकिस्तानने भारतीय विमानतळांवर हल्ले केले तेव्हा सैन्य सज्ज होते, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात झालेल्या शरणागतीनंतर सुमारे ९३,००० जण युद्धकैदी झाले.

यापुढे अधिकाऱ्यांनी जे सांगितले ते मला विशेष मोलाचे वाटले. त्याच युद्धात लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांच्या चौथ्या कोअरसमोर (अनेक डिव्हिजन मिळून झालेल्या सैन्यदळासमोर) मेघना नदी आडवी आली आणि आशुगंजचा पूल शत्रूने उडवून दिला. पूल दुरुस्त होण्याची वाट न पाहता सगतसिंग यांनी हाताशी असलेल्या एमआय-४ हेलिकॉप्टरांतून ९ डिसेंबरपासून सैनिक नदीपलीकडे उतरवायला सुरुवात केली. हा निर्णय झपाट्याचा होता, धोक्याचा होता आणि बरोबर होता. ज्या युद्धाला वरिष्ठांनी सात महिने थांबवून धरले त्याच युद्धात मैदानावरच्या सेनापतीने काही तासांत मार्ग बदलला, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत, हे त्यांनी नकाशावर बोट ठेवून, नदीचे पात्र आणि उतरण्याची ठिकाणे दाखवत समजावले. आमचे सुपरवायझर खुर्च्या पुढे ओढून नकाशाभोवती जमले होते.

वेगाच्या बाजूने सर्वांत पटणारा मुद्दाही याच सत्रात आला, आणि तो पहिल्या दिवशी कोणी मांडला नव्हता. अनेक देशांच्या सैन्यांत असा दंडक आहे की, उपलब्ध वेळेचा एक तृतीयांश भागच वरच्या अधिकाऱ्याने आपल्या नियोजनासाठी वापरावा आणि दोन तृतीयांश वेळ हाताखालच्यांसाठी सोडावा. वरचा माणूस निर्णय लांबवतो तेव्हा तो खालच्यांच्या तयारीचा वेळ खात असतो. आमच्या उद्योगात हे रोज दिसते. ग्राहकाचे बदललेले वेळापत्रक कचेरीत दुपारपर्यंत चर्चेत पडून राहते, आणि संध्याकाळी सातला रात्रपाळीच्या सुपरवायझरला सांगितले जाते की सकाळी सहाच्या गाडीला माल हवा. मग फिक्स्चर (मशीनवर नग पकडून ठेवणारे साधन) बदलणे, पहिला नग मोजून मंजूर करून घेणे, माणसांची जुळवाजुळव, सगळे त्याने रात्रीत उरकायचे. सकाळी रिजेक्शन आले तर बोलणी त्याला बसतात. नेत्याने लवकर निर्णय का घ्यावा, याचे याहून प्रामाणिक कारण मी ऐकलेले नाही.

कार्यशाळेहून परतल्यावर आम्ही शॉप फ्लोअरवर एक बदल केला आहे. संशयास्पद माल आढळला की लॉट होल्ड करण्याचा, म्हणजे मालाचा तो गट रोखून ठेवण्याचा, अधिकार पाळीवरच्या ऑपरेटरलाही दिला आहे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. होल्ड केलेला लॉट तपासून तासाभरात सोडता येतो, त्यामुळे येथे घाई झाली तरी फारसे बिघडत नाही; उलट एकदा गाडीत चढलेला सदोष माल परत बोलवायचा तर फार महागात पडते. टोयोटाच्या कारखान्यांत कोणताही कामगार दोरी ओढून मदत मागू शकतो आणि गाडी ठरलेल्या रेषेपर्यंत पोहोचेतो अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते, ही पद्धत आम्ही डोळ्यांसमोर ठेवली. दुसरीकडे, प्रक्रियेतला बदल, कच्च्या मालाचा पुरवठादार किंवा गेजची (माप तपासण्याच्या साधनाची) मर्यादा यांविषयीचा निर्णय पाळीत कोणीही एकट्याने घ्यायचा नाही, मग ग्राहकाचा कितीही फोन येवो. पहिल्याच आठवड्यांत एका ऑपरेटरने रात्री बोअरच्या (नगातील भोकाच्या) मापाची शंका येऊन पेटी बाजूला काढली. गेजच झिजलेले निघाले आणि माल चांगला होता. त्याला कोणी रागावले नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण एकदा जरी कोणी रागावले असते तर दुसऱ्यांदा पेटी बाजूला निघाली नसती.

व्यवस्थेविषयी तक्रार नाही. जेवण साधे आणि चवदार होते, खोल्या स्वच्छ होत्या, सत्रे वेळेवर सुरू झाली. प्रशिक्षक उत्साही होते आणि शेवटच्या अभिप्राय-सत्रात आमचे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

जो अधिकारी टीकेच्या भीतीने प्रत्येक कागद वर पाठवतो, ज्याच्या टेबलावर फायली साचतात, त्याला अशा कार्यशाळेचा उपयोग होईल. त्याची भीड नव्वद सेकंदांच्या सरावाने खरोखर चेपते, हे मी आमच्याच एका सहकाऱ्यात पाहिले. स्वभावाने उतावळ्या माणसाला मात्र कृपा करून पाठवू नये. नावनोंदणीच्या आधी आयोजकांना दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : सरावात निर्णयाच्या गुणवत्तेला गुण आहेत की फक्त वेळेला, आणि जबाबदारीच्या जागेवर प्रत्यक्ष काम केलेला एखादा वक्ता कार्यक्रमात आहे की नाही. पहिल्याचे उत्तर ‘फक्त वेळेला’ असे आले तर दुसऱ्याची खातरजमा झाल्याशिवाय पैसे भरू नयेत.